दोन आयांची लेक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. हिंगण्याला आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. सहाव्या वर्गातली एक मुलगी नाचात होती. तिला कोणी शिकविलेले नव्हते. पण तिचे पाऊल जमिनीवर पडले, की ढोलकी वाजविणारा सावरून बसे. चार दिवस तालीम झाली. पाचव्या दिवशी मुलगी आली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. बाप ओसरीवर बसला होता. माणूस वाईट नव्हता. मुलीची फी, पुस्तके, कशातही त्याने कधी हात आखडला नव्हता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “गुरुजी, लहान हाये तवरी ठीक हाये. पण नाचनारी म्हनून नाव पडलं, तं उद्या सोयरीक कोन करन?”

मुलीची माय दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. चहा घेतला आणि परत आलो. संमेलनात त्या मुलीच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली, टाळ्याही पडल्या, आणि सगळे जण ती गोष्ट विसरून गेले.

मी मात्र विसरू शकलो नाही. कारण त्या बापाच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून काही माणूस शहाणा होत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी एका मराठी मुलीच्या चरित्रापाशी जाऊन पोहोचलो. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी ती एका बॅले मंडळाबरोबर युरोपभर नाचली, आणि पुढे पद्मश्री दमयंती जोशी म्हणून देशाला माहीत झाली. तिची कीर्ती पुष्कळांनी सांगितली आहे. मला सांगायची आहे ती तिच्या दोन आयांची गोष्ट.

त्या बापाने भीती व्यक्त केली ती त्याची एकट्याची नव्हती. आमच्या नागपूरकडे खडी गंमत वाचकांनी पाहिली असेल. डफ, ढोलकी, तुणतुणे घेऊन मंडळी उभ्याने गातात आणि मधोमध लुगडे नेसून नाच्या नाचतो. नाच्या म्हणजे बाप्या माणूस. गावातल्या बायका लांबून बघतात, हसतात, खूश होतात. पण त्या रिंगणात बाई उतरत नाही. बाईचा नाच हवा, बाई नको, अशी ही जुनी तोड. संगीत नाटकांनी तरी दुसरे काय केले? बालगंधर्वांनी शालू नेसून मराठी बायकांना शालू नेसायला शिकविले. खऱ्या बायका घरंदाजपणाने रंगभूमीवर यायला हिराबाई बडोदेकरांचे साल, म्हणजे १९२९ उजाडावे लागले. दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’ बोलपटात उतरल्या त्या १९३२ साली, आणि तेव्हाही घरोघर कुजबुज झालीच.

गाण्यापेक्षा आणि अभिनयापेक्षाही नाचाची गोष्ट कठीण. गाणारी बाई मान खाली घालून गाऊ शकते. नाचणारीला अंग लपविता येत नाही. ज्या बायकांनी शतकानुशतके ही विद्या सांभाळली, त्या देवळातल्या तरी होत्या किंवा कोठीवरच्या तरी. १८९२-९३ च्या सुमारास मद्रासेकडे नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. सुधारक मंडळींनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, की सरकारी समारंभातून नाच बंद व्हावेत. त्यांचा हेतू चांगला होता. बायकांची विटंबना थांबावी अशी त्यांची तळमळ होती. पण विटंबनेबरोबर विद्याही बाहेर टाकली जाते आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. आमच्या मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला १९३४ साली. हे साल लक्षात ठेवावे. त्याची गाठ पुढे पडणार आहे.

आता थोडे दूर, रशियात जावे लागेल. सेंट पीटर्सबर्गमध्ये एक धोबीण होती. लोकांचे कपडे धुऊन ती पोट भरी. तिची मुलगी आठ वर्षांची झाली, तेव्हा १८९० साली तिने मुलीला मारिइन्स्की थिएटरात ‘निद्रिस्त सुंदरी’चा बॅले दाखवायला नेले. घरी येताना मुलीने ठरविले, की आपण हेच करायचे. पहिल्या खेपेला बॅलेच्या शाळेने तिला परत पाठविले. फार लहान, फार अशक्त म्हणून. पुढच्या वर्षी घेतले. ती मुलगी म्हणजे आना पाव्हलोव्हा. १९३१ च्या जानेवारीत हेग येथे तिचा मृत्यू झाला, तोपर्यंत तिने आगगाड्या आणि आगबोटी बदलीत जवळजवळ सारी पृथ्वी पालथी घातली होती.

ही पाव्हलोव्हा १९२२-२३ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आली, आणि मग त्या दशकाच्या अखेरीस पुन्हा एकदा. येथे तिने हिंदी नृत्याची चौकशी केली. ज्यांच्याकडे केली ते सुशिक्षित लोक ओशाळले. कारण दाखवावे असे ते काही मानीतच नव्हते. लंडनला चित्रकला शिकत असलेल्या उदय शंकर या तरुणाला तिने हाताशी धरले आणि १९२३ साली त्याच्याकडून राधाकृष्णाचा नाच बसवून घेऊन स्वतः राधा झाली. मद्रासच्या रुक्मिणीदेवींना तिच्याच सहवासात नृत्याची ओढ लागली. परदेशातल्या धोबिणीच्या लेकीने येऊन आम्हांला सांगावे, की तुमच्या घरात काय पडले आहे ते पाहा, यात लाज वाटण्यासारखे थोडे आहे आणि उपकार मानण्यासारखे पुष्कळ.

मुंबईत पाव्हलोव्हाकडून असेच प्रोत्साहन ज्यांना मिळाले म्हणून सांगतात, त्या लीला सोखी. याच आपल्या गोष्टीतल्या दुसऱ्या आई.

लीलाबाई मूळच्या रॉय. त्यांचा जन्म १८९९ सालचा, पूर्व बंगालमधल्या बारिसालचा. वडील बंगाली, आई इंग्रज. शिक्षण विलायतेत झाले आणि तेथे त्या व्हायोलिन शिकल्या. त्यांचा विवाह झाला डॉक्टर साहिबसिंग सोखी यांच्याशी. हे गृहस्थ लष्करी वैद्यक सेवेतले. पुढे १९३२ साली मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले. प्लेगची लस जेथे तयार होई, ती ही परळची संस्था. नवरा प्लेगशी झुंजतो आहे आणि बायको कथ्थक शिकते आहे, असे हे घर होते. त्या काळच्या साहेबी वर्तुळात या गोष्टीकडे काय नजरेने पाहिले गेले असेल, ते सांगायला नको. पण डॉक्टरसाहेबांनी बायकोला कधी अडविले नाही, उलट पाठबळच दिले.

लीलाबाईंनी प्रथम पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे धडे घेतले. मग लखनौ घराण्याच्या अच्छन महाराज आणि लच्छू महाराजांकडे. नाव घेतले मेनका. सभ्य घरच्या बाईने नाचासाठी अप्सरेचे नाव घ्यावे, यात एक धिटाई होती. लोक काय म्हणणार ते त्यांनी आधीच आपल्या तोंडाने म्हणून टाकले.

कथ्थक हा तोपर्यंत बहुधा एकट्याचा नाच होता. एक नाचणारा, एक तबलजी, सारंगीवर फिरणारा लेहरा, आणि पुढ्यात बसलेले दहा-वीस दर्दी. ततकार, तोडे, गत, भाव, सगळे त्या बैठकीच्या बेताचे. समेवर पाऊल पडले, की समोरून वाहवा यायची. मेनकाबाईंनी ही बैठक उचलून रंगमंचावर नेली. एकट्याचे तोडे आठ-दहा जणांत वाटले. कथा घेतली, तिला आरंभ आणि शेवट दिला. सारंगीच्या जागी सरोदिये सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे कलावंत घेऊन वाद्यवृंद उभा केला. पोशाख, दिवे, पडदा, सगळ्याला शिस्त आणली. तिकीट काढून आलेला, कथ्थकचे अक्षरही न जाणणारा मनुष्य दोन तास खिळून बसावा, असा हा घाट होता. यालाच त्यांनी बॅले म्हटले. त्यांचा ‘कृष्णलीला’ हा बॅले आला १९३४ साली. म्हणजे ज्या साली मुंबई इलाख्यात देवदासींचा कायदा झाला, त्याच साली त्याच इलाख्यात एका डॉक्टरांच्या पत्नीने नृत्याला तिकिटाच्या खिडकीवर उजळ माथ्याने बसविले. एक दार बंद होत होते, दुसरे उघडत होते. बंद झालेल्या दारामागच्या बायकांना या नव्या दारातून फारसे कोणी आत घेतले नाही, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

आणि आता मुलगी.

दमयंतीचा जन्म मुंबईचा, १९२८ सालचा. आईचे नाव वत्सला जोशी. मेनकाबाईंचे स्वतःचे मूल गेलेले होते. ही चिमुरडी त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांच्या मनात भरली. त्यांनी तिला दत्तक मागितली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून दोन पारडी पाहावीत. एका पारड्यात संचालकांचे घर, मोटार, इंग्रजी, विलायत, कीर्ती. दुसऱ्या पारड्यात एक साधी मराठी बाई. मागणी करणारी काही कठोर नव्हती. ती स्वतः पोळलेली आई होती. अशा वेळी आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. ‘पोरीचे कल्याण होते आहे, देऊन टाका,’ हे एक. आणि ‘नाचणाऱ्यांच्या घरी? मुळीच नाही,’ हे दुसरे. वत्सलाबाईंनी दोन्ही दिली नाहीत. मुलगी दत्तक द्यायला त्यांनी नकार दिला. पण मुलीला त्या घरी वाढायला आणि नाच शिकायला नकार दिला नाही. ठरले असे, की मुलगी दोघींची. दोघींनी मिळून तिला वाढवायचे. सोखी कुटुंबाने तिच्या शिक्षणाची आणि आईच्या चरितार्थाची व्यवस्था पाहायची. आईने आई राहायचे.

कादंबरी लिहिणाऱ्याला येथे मोठा मोह होतो. त्या दोघी समोरासमोर बसल्या असतील तो प्रसंग रंगवावा, कोण काय बोलली ते लिहावे, डोळे पुसावेत. मी तो मोह आवरतो. ठराव जो झाला तोच पुरेसा बोलका आहे. एकीने हक्क मागितला आणि प्रेमावर समाधान मानले. दुसरीने हक्क सोडला नाही आणि प्रेमात वाटेकरी घेतला. वकिलांचा कागद करून हे साधत नाही.

पुराणातली मेनका आठवते. तिने शकुंतलेला जन्म दिला आणि ती लेकराला रानात टाकून स्वर्गाला निघून गेली. पाखरांनी सांभाळले, मग कण्वांनी वाढविले. अप्सरेला मूल परवडत नाही, असाच त्या कथेचा अर्थ आपण लावीत आलो. नाचणारी ती कुठली आई होणार, हे आपल्या मनात इतके खोल रुतले आहे. परळच्या मेनकेने ती कथा उलटी करून दाखविली. ती लेकराकडे चालत आली. आणि या शकुंतलेला पाखरांच्या हवाली व्हावे लागले नाही. तिची जन्मदाती जागच्या जागी होती.

सीताराम प्रसादांनी त्याच घरात दमयंतीच्या पायांत घुंगरू बांधले. नंतर लखनौचे महाराजही त्याच घरी भेटले. मोठमोठ्या लोकांना ज्या गुरूंच्या दारी तिष्ठावे लागे, ते या पोरीला लहानपणीच लाभले.

१९३६ च्या प्रारंभी मेनका मंडळ युरोपला निघाले. बरोबर रामनारायण मिश्र हे नर्तक होते, वादक होते, आणि ही सात-आठ वर्षांची मुलगी होती. ते दौरे १९३८ पर्यंत चालले. सगळे मिळून साडेसातशेंच्या वर प्रयोग झाले. मी वर्गात भूगोल शिकविताना भिंतीवर युरोपचा नकाशा लावतो, तेवढाच माझा युरोप. पण साडेसातशे प्रयोग म्हणजे काय, हा हिशेब मास्तराला करता येतो. दोन-सव्वादोन वर्षांत, प्रवासाचे दिवस धरूनसुद्धा, जवळजवळ रोजची रात्र. थंडीत तबल्याची पुडी उतरते, ती चढवायची. गार फळ्यांवर अनवाणी पाय आपटायचे. उद्या दुसरे गाव, दुसरे थिएटर, पुन्हा तीच ‘कृष्णलीला’, आणि पुन्हा ती पहिल्यांदाच नाचल्यासारखी ताजी. आमच्याकडे नाचाला रंगेलपणा म्हणतात. यात रंगेलपणा कोठे आहे ते मला दिसत नाही. हे तर नांगरटीसारखे काम आहे.

याच दौऱ्यात १९३६ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर, बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाल्या. मेनका मंडळाला तेथे पारितोषिक मिळाले आणि इकडे वर्तमानपत्रांना अभिमान वाटला. पण ते बर्लिन हिटलरचे होते. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम या थोर नर्तकीलाही निमंत्रण होते. ज्या देशात कलावंतांचा छळ चालला आहे तेथे मी नाचणार नाही, असे कळवून तिने ते नाकारले. मेनका गेल्या. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या कलावंताला जगापुढे उभे राहण्याची जी संधी मिळेल ती हवीशी वाटते, हे खरे. आणि ग्रॅहमने जे केले ते अधिक मोठे होते, हेही खरे. इतिहास लिहिणाऱ्याने आपल्या माणसाच्या पारितोषिकाखालचा हा कागद उलटून पाहिला पाहिजे.

त्याच सुमारास जर्मनीत हिंदुस्थानावर एक चित्रपट निघाला, ‘एश्नापूरचा वाघ’. तो १९३८ साली पडद्यावर आला. त्यात मेनका मंडळाचे नृत्य आहे. पण हिंदी राणीची भूमिका ला याना या गोऱ्या नर्तकीने केली. हिंदी नाच हवा, हिंदी बाई शोभेपुरती, असा हा प्रकार झाला. आमच्या खडी गंमतीतल्या नाच्याची मला येथे पुन्हा आठवण झाली.

परत आल्यावर मेनकाबाईंनी बोरघाटाच्या माथ्यावर, खंडाळ्याला, ‘नृत्यालयम्’ काढले. तेथे कथ्थक होते, कथकळी होते, मणिपुरीही होते. विद्यार्थिनी तेथेच राहत. पुढे नावाला आलेल्या शिरीन वजिफदार येथल्याच. १९३९ साली मेनकाबाईंनी ‘मालविकाग्निमित्र’ हा बॅले बसविला.

या नाटकाबद्दल आम्हां विदर्भातल्या लोकांना थोडे बोलायचा हक्क आहे. कालिदासाची मालविका ही विदर्भाची राजकन्या. संकटात सापडून ती अग्निमित्राच्या राजवाड्यात दासी म्हणून राहते आणि गणदास या नाट्याचार्याकडे नृत्य शिकते. दोन आचार्यांचे भांडण लागते, कोण श्रेष्ठ ते ठरवायला शिष्येला नाचायला लावतात, आणि दुसऱ्या अंकात मालविका राजापुढे नाचते. शेवटी ती राजकन्या आहे असे उघड होते आणि ती राणी होते. शाळेत हे नाटक वाचताना मला कधी सुचले नव्हते, ते आता सुचते: ती दासी आहे तोवर नाचते. राजकन्या ठरल्यावर तिच्या नाचाचे नाव निघत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीलाही कुलीन मुलीचा नाच रंगवायला तिला आधी दासी करावे लागले. मेनकाबाईंचे सारे आयुष्य हा अंक पुसून पुन्हा लिहिण्यात गेले. आणि योगायोग पाहा, त्यांनी वाढविलेल्या मुलीचे नावही विदर्भाच्याच राजकन्येचे होते. नळराजाची दमयंती आमच्या कौंडिण्यपूरची.

पंधराव्या वर्षी दमयंती मंडळातली प्रमुख नर्तकी झाली होती. पण मेनकाबाईंना मूत्रपिंडाच्या विकाराने घेरले. ३० मे १९४७ रोजी त्या गेल्या. वय अट्ठेचाळीसही पुरे नव्हते. देशाचे स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर आले होते.

बॅलेचे दुर्दैव असे, की तो एकट्याला सांभाळता येत नाही. कवी गेला तर वही राहते, गवई गेला तर तबकडी राहते. बॅले बसविणारा गेला, की वीस माणसे वीस दिशांना जातात आणि ज्याला आपण ‘कृष्णलीला’ म्हणत होतो ते कोठेच उरत नाही. उरते ते शिष्यांच्या अंगात. दमयंतीबाई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. दुसरी आई गेली होती, मंडळ गेले होते. पहिली आई होती. त्या करारात वत्सलाबाईंनी आपली जागा का सोडली नव्हती, ते त्या दिवशी कळले असेल.

दमयंतीबाईंनी मग जे केले त्याचे मला फार मोल वाटते. युरोपच्या टाळ्या मिळविलेली ही नर्तकी पुन्हा विद्यार्थिनी झाली. मुंबईच्या श्री राजराजेश्वरी भरत नाट्य कला मंदिरात ती पहिली शिष्या म्हणून दाखल झाली आणि महालिंगम् पिळ्ळे गुरुजींकडे भरतनाट्यम् शिकली. कथ्थकात जयपूर घराण्याचे गुरू हिरालाल यांच्याकडे शिकली, दिल्लीला शंभू महाराजांकडे भाव शिकली. १९५५ च्या पुढेमागे त्या एकट्याने कथ्थक करणाऱ्या नर्तकी म्हणून देशभर नावारूपाला आल्या. म्हणजे गुरूने जे एकाचे अनेकांत वाटले होते, ते शिष्येने पुन्हा एकात गोळा केले. पण त्यात बॅलेची शिस्त राहिली.

कथ्थकच्या रंगमंचावर त्यांनी एक नवी गोष्ट आणली: साडी. तोवर नर्तकी अंगरखा-चुडीदार तरी घालीत किंवा घागरा-ओढणी तरी. दमयंतीबाई साडी नेसून कथ्थक करू लागल्या. जाणकारांनी हा पोशाखातला बदल म्हणून नोंदविला आहे. मला त्यात आणखीही काही दिसते. प्रेक्षागृहात बसलेल्या आयांना त्या दिवशी रंगमंचावर दरबारातली कोणी दिसली नसेल. आपल्या घरातली दिसली असेल.

१९६८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७० साली पद्मश्री. १९७१ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने त्यांच्यावर माहितीपट काढला. लखनौच्या कथ्थक केंद्राच्या त्या संचालिका झाल्या. ज्या लखनौहून गुरू मुंबईला बोलावून आणावे लागले होते, त्याच लखनौने कथ्थक शिकवायला मुंबईची मराठी बाई बोलावली.

आणि त्यांनी खैरागडलाही शिकविले. हे नाव आम्हां नागपूरकरांना परके नाही. हावड्याच्या गाडीत बसले, की गोंदिया, डोंगरगड मागे पडते आणि राजनांदगाव येते. तेथून आत गेले की खैरागड. नागपूर ही जुन्या मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हा हा मुलूख आमच्याच प्रांतात होता; आता तो छत्तीसगडात आहे. तेथल्या राजाराणीची इंदिरा नावाची मुलगी लहानपणीच वारली. तिला गाण्याची आवड होती. आईबापांनी आपला राजवाडा संगीताच्या विद्यापीठाला देऊन टाकला आणि १९५६ साली तेथे मुलीच्या नावाने इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. मूल गेलेल्या एका आईने दमयंतीला वाढविले होते. मूल गेलेल्या दुसऱ्या आईबापांच्या वाड्यात दमयंतीबाई दुसऱ्यांच्या मुली घडवीत होत्या. दुःखाला अशी वाट काढून देणारी माणसे थोडी असतात, पण असतात.

१९८९ साली संगीत नाटक अकादमीने ‘मादाम मेनका’ नावाचे छोटे पुस्तक काढले. लेखिका दमयंती जोशी. मेनका जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती. त्यांचे बॅले पुन्हा रंगमंचावर आणणे शक्य नव्हते. निदान ते कसे होते हे सांगणे शक्य होते, आणि ते सांगू शकेल अशी व्यक्ती आठव्या-नवव्या वर्षापासून त्यांत नाचत आलेली होती. लेकीने आईचे श्राद्ध घातले ते असे. पुढे अर्धांगवायूने अंथरूण धरून १९ सप्टेंबर २००४ रोजी दमयंतीबाई मुंबईस निवर्तल्या.

हे चरित्र मी लिहिले ते काही केवळ कौतुकासाठी नाही. त्या ओसरीवरच्या बापाला जे उत्तर मला देता आले नाही ते यात आहे असे मला वाटते. नाच शिकली की मुलगी घराला अंतरते, ही त्याची भीती होती. आणि खरोखरच आपण कित्येक पिढ्या तसेच केले. नाचणारीला घर दिले नाही, घरातलीला नाच दिला नाही. वत्सलाबाई जोशींनी पहिल्यांदा दाखविले, की मुलगी न देताही मुलीला जाऊ देता येते. मेनकेची कीर्ती मोठी, पण माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यांत अवघड निर्णय त्या न नाचलेल्या बाईचा आहे.

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी पुन्हा तसेच झाले. मुलगी दुसरी, घर दुसरे, नाव मागे घेतल्याची चिठ्ठी तीच. मी पुन्हा संध्याकाळी गेलो. या खेपेला ओसरीवर न थांबता स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मागून बसलो आणि मुलीच्या मायला ही सगळी गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. बर्लिन, लखनौ, पद्मश्री, कशानेही तिचा हात थांबला नाही. मी संपविले तेव्हा तिने तवा उतरविला आणि एकच गोष्ट विचारली.

“त्या मायनं पोट्टी देऊन तं नाई टाकली न, गुरुजी?”

“नाही,” मी म्हणालो. “शेवटपर्यंत नाही.”

“मंग लिहा नाव.”